ब्लॉकचेनमधील ‘इपॉक’ : कालखंडाची लांबी किती असावी आणि ती बदलता यावी का?

ब्लॉकचेन या तंत्रज्ञानाविषयी बोलताना चर्चा बहुधा आभासी चलनाच्या चढउतारापाशी येऊन थांबते. त्यामागील यंत्रणा मात्र अनेक बारीकसारीक नियमांवर उभी असते आणि त्यातील एखादा आकडा बदलला तरी संपूर्ण शृंखलेच्या विश्वासार्हतेवर त्याचा परिणाम होतो. असाच एक आकडा म्हणजे ‘इपॉक’ची, अर्थात कालखंडाची लांबी. अनेक शृंखलांमध्ये तो सुरुवातीला संगणकप्रणालीत कायमचा कोरलेला होता. अनुभवांती तो बदलता येण्याजोगा असावा, असा विचार पुढे आला. मुंबईत सुरू झालेल्या ‘पॉलिगॉन’ या शृंखलेने जानेवारी २०२३ मध्ये हा बदल प्रत्यक्षात केला. त्यामागची कारणे, त्याची पद्धत आणि त्याच्या मर्यादा समजून घेणे उद्‌बोधक ठरेल.

कालखंड म्हणजे काय?

ब्लॉकचेन ही अनेक संगणकांनी मिळून ठेवलेली एक सामाईक नोंदवही असते. व्यवहारांचा एक गठ्ठा म्हणजे एक ब्लॉक. प्रत्येक नवा ब्लॉक आधीच्या ब्लॉकला गणिती पद्धतीने जोडलेला असतो. पुढचा ब्लॉक कोणी लिहायचा, तो बरोबर आहे की नाही हे कोणी तपासायचे आणि तो पक्का झाला असे केव्हा मानायचे, याविषयीच्या नियमांना मतैक्य पद्धती म्हणतात. बँकेत हा निर्णय मुख्य कार्यालय घेते. ज्या नाशिक शहरात १९२८ पासून चलनी नोटा छापल्या जातात, तेथे नोटेवरील विश्वास हा रिझर्व्ह बँक व सरकार यांच्या हमीवर उभा असतो. ब्लॉकचेनमध्ये असा एक हमीदार नसल्याने नियमांनाच हमीदाराचे काम करावे लागते.

हे नियम राबविताना काळाचे तुकडे पाडावे लागतात. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याची पाळी डोळ्यांसमोर आणली तर हे चटकन लक्षात येते. पाळी सुरू होताना कोणता कामगार कोणत्या यंत्रावर बसणार हे ठरते. पाळी संपेपर्यंत ती रचना सहसा बदलत नाही. पाळी संपली की तयार मालाची मोजणी होते, नोंदवहीवर सही होते आणि पुढच्या तुकडीकडे कारभार सोपविला जातो. ब्लॉकचेनमधील इपॉक म्हणजे अशीच एक पाळी होय. तिच्या आरंभी पडताळणी करणाऱ्या संगणकांची, म्हणजे पडताळकांची, कामे वाटली जातात आणि तिच्या शेवटी हिशेब, बक्षीस, दंड व नव्या पडताळकांचा प्रवेश या गोष्टी पार पडतात.

निरनिराळ्या शृंखलांचे निरनिराळे हिशेब

या कालखंडाचे सर्वमान्य असे एकच प्रमाण नाही. इथेरियममध्ये १२ सेकंदांचा एक ‘स्लॉट’ आणि ३२ स्लॉटांचा एक इपॉक असतो, म्हणजे ६ मिनिटे २४ सेकंद. कार्डानो या शृंखलेचा इपॉक तब्बल पाच दिवसांचा आहे. सोलानाच्या मुख्य शृंखलेत ४,३२,००० स्लॉटांचा, म्हणजे सुमारे दोन दिवसांचा इपॉक असतो. पोल्काडॉटमध्ये चार तासांचा इपॉक आणि २४ तासांचे त्याहून मोठे ‘युग’ अशी दुहेरी रचना आहे. बिटकॉइनमध्ये पडताळकांची पाळी नसते. तरीही दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, कोड्याची काठिण्यपातळी नव्याने ठरते. तोही एक कालखंडच.

पाच दिवस आणि सहा मिनिटे यांत एवढे अंतर का, याचे उत्तर प्रत्येक शृंखलेने कशाला प्राधान्य दिले यात आहे.

आखूड आणि लांब कालखंडांचे गुणदोष

कालखंड आखूड ठेवला की बिघडलेला अथवा अप्रामाणिक पडताळक लवकर बाजूला काढता येतो, नव्याला लवकर प्रवेश मिळतो आणि व्यवहार पक्का होण्यास कमी वेळ लागतो. परंतु प्रत्येक कालखंडाच्या शेवटी करावयाचे हिशेब जड असतात. इथेरियमवरील पडताळकांची संख्या २०२४ मध्ये दहा लाखांवर गेली होती. एवढ्यांची बक्षिसे व दंड दर सहा मिनिटांनी मोजायचे, हे सोपे काम नाही. शिवाय इथेरियममध्ये प्रत्येक पडताळक एका इपॉकमध्ये एकदाच साक्ष देतो आणि हा भार ३२ स्लॉटांमध्ये विभागलेला असतो. इपॉक १६ स्लॉटांचा केला तर प्रत्येक स्लॉटमध्ये दुप्पट साक्षी गोळा कराव्या लागतील. तेवढा भार साध्या घरगुती इंटरनेट जोडणीवरील संगणकाला झेपेलच असे नाही. झेपला नाही, तर पडताळणीचे काम मोठ्या कंपन्यांच्या हाती एकवटण्याचा धोका असतो.

कालखंड लांब ठेवला की यंत्रणा शांतपणे चालते, कामाचे वेळापत्रक आधीच माहीत असते आणि हिशेबाचा खर्च कमी होतो. त्याच वेळी दोषही लांबतात. बंद पडलेला पडताळक पुढच्या पाळीपर्यंत यादीत राहतो. ब्लॉक कोण लिहिणार हे खूप आधी कळत असेल, तर नेमक्या त्याच संगणकावर हल्ला करण्यास हल्लेखोराला पुरेसा अवधी मिळतो.

आणखी एक गुंता सहसा लक्षात येत नाही. अनेक सुरक्षेच्या मुदती कालखंडांच्या संख्येत मोजलेल्या असतात. इथेरियममधून बाहेर पडणाऱ्या पडताळकाला आपली ठेव काढण्यापूर्वी किमान २५६ इपॉक थांबावे लागते. ही मुदत सुमारे २७ तासांची होते. गैरवर्तन उघडकीस आले तर दंड वसूल करता यावा, हा या मुदतीमागील हेतू आहे. इपॉक निम्मा केला आणि २५६ हा आकडा तसाच राहिला, तर ही मुदतही नकळत निम्मी होते. म्हणजे वेगासाठी केलेला बदल सुरक्षेच्या तिजोरीची कडी सैल करून जातो.

मुंबईतून निघालेल्या शृंखलेचा अनुभव

जयंती कनानी, संदीप नेलवाल व अनुराग अर्जुन यांनी २०१७ मध्ये मुंबईत ‘मॅटिक नेटवर्क’ सुरू केले. २०२० मध्ये त्याची मुख्य शृंखला कार्यान्वित झाली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये मिहाइलो बिएलिच यांच्या साथीने तिचे ‘पॉलिगॉन’ असे नामांतर झाले. तिच्या चाचणी शृंखलेचे नावच ‘मुंबई’ होते. ही चाचणी शृंखला २०२४ मध्ये बंद करण्यात आली. पुढील सुधारणांनाही दिल्ली, इंदूर, आग्रा, अहमदाबाद, भिलाई अशी भारतीय शहरांची नावे देण्यात आली.

पॉलिगॉनची रचना दोन थरांची आहे. ‘हेमडॉल’ हा थर पडताळकांचे व्यवस्थापन करतो आणि कामकाजाचा गोषवारा ठरावीक काळाने इथेरियमवर नोंदवितो. ‘बोर’ हा थर प्रत्यक्ष ब्लॉक तयार करतो. जुन्या रचनेत बोरमध्ये दोन प्रकारचे कालखंड होते. मोठा कालखंड ‘स्पॅन’ ६,४०० ब्लॉकांचा असे व त्यासाठी ब्लॉक लिहिणाऱ्यांचा गट निवडला जाई. लहान कालखंड ‘स्प्रिंट’ ६४ ब्लॉकांचा असे व त्या अवधीत एकच पडताळक सलग ब्लॉक लिही. एका ब्लॉकला सुमारे दोन सेकंद धरल्यास एका स्प्रिंटला १२८ सेकंद लागत.

अडचण येथेच होती. ज्याची पाळी आहे त्या पडताळकाचा संपर्क मध्येच तुटला, तर काही सेकंदांच्या प्रतीक्षेनंतर राखीव पडताळक काम हाती घेई. तेवढ्यात मूळ पडताळक पुन्हा जोडला गेला आणि त्याने स्वतःची वेगळी साखळी सादर केली, तर नियमानुसार तिचे वजन अधिक भरे. मग राखीव पडताळकाने लिहिलेले ब्लॉक बाद होऊन त्यांच्या जागी दुसरे येत. यालाच ‘पुनर्रचना’ म्हणतात. स्प्रिंट जितका लांब, तितके अधिक ब्लॉक अशा रीतीने बाद होण्याची शक्यता जास्त. व्यवहार झाला असे पडद्यावर पाहिलेल्या माणसाच्या दृष्टीने ही गंभीर बाब होती, कारण झालेला व्यवहार काही वेळाने ‘न झालेला’ ठरू शकत होता.

१७ जानेवारी २०२३ रोजी अमलात आलेल्या ‘दिल्ली’ सुधारणेने स्प्रिंटची लांबी ६४ वरून १६ ब्लॉकांवर आणली. एका पडताळकाची सलग पाळी १२८ सेकंदांवरून ३२ सेकंदांची झाली. स्पॅनची लांबी मात्र तीच राहिली. म्हणजे पूर्वी एका स्पॅनमध्ये १०० स्प्रिंट मावत, ते आता ४०० मावू लागले.

स्थिरांकाचे प्राचल होताना

वरवर पाहता ६४ खोडून १६ लिहिणे एवढेच हे काम वाटते. प्रत्यक्षात तसे केले असते तर शृंखला कोलमडली असती. याचे कारण असे की ब्लॉकचेनमध्ये सामील होणारा नवा संगणक पहिल्या ब्लॉकपासून सगळा इतिहास तपासत येतो. जुने ब्लॉक ६४ च्या नियमाने लिहिलेले आहेत. त्यांना १६ चा नियम लावला तर कोट्यवधी वैध ब्लॉक अवैध ठरतील.

म्हणून बोरच्या रचनेत स्प्रिंटची लांबी एका आकड्याऐवजी एका छोट्या तक्त्यात ठेवली गेली. तक्ता असे सांगतो की शून्याव्या ब्लॉकपासून लांबी ६४ आणि ३,८१,८९,०५६ व्या ब्लॉकपासून लांबी १६. कोणताही ब्लॉक तपासताना प्रणाली आधी त्याचा क्रमांक पाहते, तक्त्यातून त्या वेळचा नियम काढते आणि मगच निर्णय देते. कायद्यात दुरुस्ती झाली तरी दुरुस्तीपूर्वीच्या प्रकरणांना जुनीच तरतूद लागू असते, तशातलाच हा प्रकार.

हा ब्लॉक क्रमांकही सहज निवडलेला नव्हता. ३,८१,८९,०५६ या संख्येला ६४ ने निःशेष भाग जातो. म्हणजे शेवटचा जुना स्प्रिंट पूर्ण होऊनच नव्या लांबीचा अंमल सुरू झाला. पाळी अर्ध्यावर असताना भोंगा वाजवून दुसरी तुकडी आत सोडली, तर अपूर्ण कामाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उद्भवतो. बदल नेहमी कालखंडाच्या सीमेवरच करायचा, हा नियम त्यासाठीच पाळला जातो.

दुसरे अवघड काम म्हणजे जुना आकडा प्रणालीत कोठे कोठे दडला आहे हे शोधणे. ब्लॉक लिहिणाऱ्याची निवड, स्प्रिंटच्या शेवटच्या ब्लॉकच्या शीर्षकात नोंदवायची पडताळकांची यादी, इथेरियमवरून आलेल्या संदेशांची आवक अशा अनेक ठिकाणी स्प्रिंटची लांबी वापरली जाते. त्यांतील एका जरी ठिकाणी जुना आकडा राहून गेला, तरी दोन संगणकांचे उत्तर वेगळे येते आणि मतैक्य भंगते.

बीएनबी स्मार्ट चेनचे उदाहरणही या संदर्भात बोलके आहे. तेथे तीन सेकंदांचा ब्लॉक आणि २०० ब्लॉकांचा इपॉक होता, म्हणजे दहा मिनिटे. एप्रिल २०२५ मध्ये ब्लॉकचा वेळ दीड सेकंदावर आला तेव्हा इपॉक ५०० ब्लॉकांचा करण्यात आला आणि जून २०२५ मध्ये ब्लॉक पाऊण सेकंदावर आल्यावर तो १,००० ब्लॉकांचा झाला. दोन्ही वेळा घड्याळातील इपॉक साडेबारा मिनिटांचाच राहिला. ब्लॉकचा वेग बदलताना इपॉकचा आकडा न बदलता ठेवला असता, तर तो अडीच मिनिटांवर आला असता.

दोन पंचांगे, दोन सण

सर्वांनी एकाच क्षणी बदल स्वीकारला नाही तर काय होते, याचे उत्तर महाराष्ट्राला नवे नाही. टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांचे गणित शास्त्रशुद्ध असले तरी दोहोंत अयनांश वेगळा धरलेला आहे. या आरंभबिंदूत सुमारे चार अंशांचा फरक आहे. त्यामुळे काही वर्षी अधिक महिना निरनिराळा येतो आणि टिळक पंचांग मानणाऱ्या घरांतील सण इतरांहून वेगळ्या वेळी साजरे होतात. एका प्राचलाविषयी मतभेद झाला आणि कालगणनेला दोन फाटे फुटले.

ब्लॉकचेनमधील ‘हार्ड फोर्क’ ही कल्पना याहून फारशी वेगळी नाही. ठरलेल्या ब्लॉकपूर्वी ज्यांनी नवी प्रणाली बसविली नाही, ते संगणक जुन्या नियमाने मोजत राहतात आणि मुख्य शृंखलेपासून तुटतात. फरक एवढाच की वेगळ्या दिवशी सण साजरा केल्याने कोणाचे नुकसान होत नाही. येथे मात्र एकच रक्कम दोन शृंखलांवर दोनदा खर्च होण्याचा धोका असतो. त्यामुळे कालखंडाची लांबी ‘बदलता येण्याजोगी’ करणे याचा अर्थ प्रत्येक संगणकाच्या मालकाला ती हवी तशी ठेवण्याची मुभा देणे असा होत नाही. सर्वांसाठी एकच मूल्य, पण ते पूर्वसूचनेने व एकत्रितपणे बदलण्याची सोय, असा त्याचा नेमका अर्थ आहे.

सीमेवरील चुका आणि चाचण्या

संगणकशास्त्रात चुका बहुधा सीमेवर होतात. बिटकॉइनमधील काठिण्यपातळीचा हिशेब हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. २,०१६ ब्लॉकांना लागलेला वेळ मोजायचा, असा मूळ हेतू होता. प्रत्यक्षात पहिल्या व शेवटच्या ब्लॉकमधील अंतर मोजले जात असल्याने त्यात २,०१५ च अंतरे धरली जातात. कुंपणाला दहा खांब असले तर त्यांतील मोकळ्या जागा नऊच असतात, हा शाळेतला हिशेब तेथे निसटला. चूक किरकोळ असली तरी ती दुरुस्त करण्यासाठी जगभरातील संगणकांचे एकमत लागेल. म्हणून ती तशीच राहिली आहे.

लांबी बदलता येण्याचा एक मोठा लाभ चाचणीत होतो. पाच दिवसांच्या कालखंडाची सीमा ओलांडताना काय घडते हे पाहण्यासाठी प्रत्येक वेळी पाच दिवस थांबणे परवडणारे नाही. म्हणूनच कार्डानोच्या ‘प्रिव्ह्यू’ या चाचणी शृंखलेत इपॉक एका दिवसाचा ठेवण्यात आला. इथेरियमच्या चाचण्यांसाठी आठ स्लॉटांच्या इपॉकची वेगळी छोटी मांडणी आहे. सीमा जितक्या वारंवार ओलांडल्या जातात, तितक्या लवकर दडलेल्या चुका वर येतात.

खासगी शृंखलांचा प्रश्न

मोजक्या संस्था आपापसात चालवतात त्या शृंखलांमध्ये हा निर्णय अधिक जवळचा ठरतो. समजा, अंबड व सातपूर येथील वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या काही उद्योगांनी माल कोणाकडून कोणाकडे गेला याची सामाईक नोंद ठेवण्यासाठी शृंखला उभारली. अशा ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या ‘क्लिक’ या पद्धतीत इपॉकची लांबी आरंभीच्या मांडणीतच लिहावी लागते आणि प्रचलित मूल्य ३०,००० ब्लॉक असते. नवा सदस्य घेण्यासाठी किंवा जुना काढण्यासाठी चाललेली, पण बहुमत न मिळालेली मतमोजणी इपॉक संपताच रद्द होते. पंधरा सेकंदांना एक ब्लॉक धरल्यास हा कालावधी पाच दिवसांहून थोडा अधिक भरतो. ब्लॉक एका सेकंदाचा ठेवला तर तोच आकडा साडेआठ तासांपेक्षा कमी होतो. एका पाळीत मतदान पूर्ण झाले नाही तर ते सारे बाद. आयता मिळालेला आकडा न तपासता स्वीकारल्यास काय होते, ते यावरून कळते.

लांबी पुरेशी नाही

दिल्ली सुधारणेनंतर प्रश्न मिटला असे मात्र झाले नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये पॉलिगॉनवर १५७ ब्लॉकांची मोठी पुनर्रचना झाली. म्हणजे पाच मिनिटांहून अधिक काळाची नोंद बदलली गेली. स्प्रिंट १६ ब्लॉकांचा असतानाही हे घडले. यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली. आखूड पाळीमुळे एका पडताळकाच्या चुकीचा आवाका कमी होतो, पण ब्लॉक पक्का झाल्याची हमी त्याने मिळत नाही. ती हमी देण्यासाठी पुढे त्याच वर्षी पडताळकांच्या बहुमताने ठराविक ब्लॉक गोठविण्याची ‘माइलस्टोन’ पद्धत आली. जुलै २०२५ मधील हेमडॉलच्या दुसऱ्या आवृत्तीने ही अंतिमता काही सेकंदांवर आणली आणि ऑक्टोबर २०२५ मधील ‘रिओ’ सुधारणेने ब्लॉक लिहिणाऱ्यांच्या निवडीची पद्धतच बदलून दर ३२ सेकंदांच्या आलटापालटीची गरज संपविली.

इथेरियमनेही मे २०२३ मध्ये असाच अनुभव घेतला. ११ व १२ मे रोजी पुरेशा साक्षी न मिळाल्याने ब्लॉक लिहिले जात होते, पण काही इपॉक अंतिम ठरत नव्हते. सलग चार इपॉक असे गेले की गैरहजर पडताळकांच्या ठेवीला गळती लावण्याचा नियम तेथे आहे. येथेही काळाचे माप इपॉक हेच.

सामान्य नागरिकाचा संबंध

हा सारा तपशील तंत्रज्ञांपुरता वाटला तरी त्याचे धागे गडचिरोलीपर्यंत पोहोचतात. एटापल्ली उपविभागातील सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रांची खूण पॉलिगॉन शृंखलेवर नोंदविण्याचा उपक्रम मार्च २०२२ मध्ये जाहीर झाला. बनावट प्रमाणपत्रांमुळे खऱ्या लाभार्थ्यांचा हक्क हिरावला जाऊ नये, हा त्यामागील उद्देश होता. पुनर्रचनेत बाद झालेला व्यवहार सहसा पुढच्या एखाद्या ब्लॉकमध्ये पुन्हा नोंदला जातो. परंतु नोंद अंतिम होण्याआधीच कार्यालयाने ती पक्की मानली, तर मधल्या काळात प्रमाणपत्र दाखविणाऱ्या व्यक्तीला ‘नोंद आढळत नाही’ असे उत्तर मिळू शकते. आदिवासी विद्यार्थ्याच्या प्रवेशाची मुदत त्या उत्तरासाठी थांबणार नाही.

म्हणूनच शृंखलेचा वापर करणाऱ्या शासकीय खात्यांनी, बँकांनी व उद्योगांनी काही प्रश्न आधीच विचारणे हिताचे ठरते. नोंद अंतिम केव्हा मानायची? कालखंडाची लांबी आज किती आहे? ती बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे? बदलाची पूर्वसूचना किती दिवस आधी मिळते? आणि लांबी बदलली, तर त्यावर आधारलेल्या ठेवीच्या, दंडाच्या व प्रतीक्षेच्या मुदतींचे काय होते? या प्रश्नांची लेखी उत्तरे असणारी शृंखलाच सार्वजनिक नोंदींसाठी योग्य समजावी.